सरकारी काम अन् सहा महिने थांब. कैद्याची मात्र मुदत संपली!

आज जरा लांबलचक लिहितोय. चहा घेता घेता वाचा, रात्री वाचा, पण वाचा. विषय कोर्टाचा आहे, म्हणून 'आपल्याला काय करायचंय' म्हणू नका. आपल्या तालुक्यात असं एक गाव दाखवा, जिथल्या कुणाचाच पाय कधी कोर्टाच्या पायरीला लागलेला नाही.

विषय आहे अपिलाच्या मुदतीचा. खालच्या कोर्टाने शिक्षा दिली तर वर अपील करता येतं, हे सगळ्यांना माहीत असतं. ते किती दिवसांत करायचं, हे मात्र शिक्षा झाल्यावरच कळतं, आणि पुष्कळदा मुदत संपल्यावर कळतं. हिशेब सोपा आहे. मॅजिस्ट्रेटने शिक्षा दिली तर सेशन कोर्टात जायला 30 दिवस. सेशन कोर्टाने दिली तर हायकोर्टात जायला 60 दिवस. फाशी असेल तर फक्त 30 दिवस. आणि आरोपी सुटला, त्याच्या सुटकेविरुद्ध सरकारला अपील करायचंय, तर सरकारला 90 दिवस. निकालाची नक्कल मिळायला जो वेळ लागतो, तो यातून वजा होतो. हा सगळा 1963 चा मुदतीचा कायदा.

आता गंमत बघा. ज्याच्याकडे मंत्रालय आहे, विधी व न्याय विभाग आहे, जिल्ह्याजिल्ह्यात पगारी सरकारी वकील आहेत, त्याला 90 दिवस. आणि जो गजाआड बसलाय, ज्याच्या बायकोला हायकोर्ट कुठल्या शहरात आहे हे विचारावं लागतं, त्याला 60.

बरं, मुदत हुकली तर? त्याच कायद्याचं कलम 5 म्हणतं की उशिराला 'पुरेसं कारण' असेल तर कोर्ट उशीर माफ करू शकतं. याला कोर्टाच्या आवारात 'डिले कंडोन' करणं म्हणतात. कलम चांगलंच आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. माणूस आजारी पडतो, पूर येतो, वकील फसवतो. अशा वेळी दार थोडं उघडं ठेवायलाच हवं.

माझं भांडण आहे ते दारातून कोण किती सहज आत जातं, याच्याशी.

आधी कैद्याचं बघू.

मला माहीत असलेलं एक प्रकरण सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, ते कुटुंब अजून इथेच राहतं. नवऱ्याला सेशन कोर्टाने सात वर्षं दिली. निकाल लागला दिवाळीच्या तोंडावर. बायको आणि दीर, दोघांनी मुकादमाकडून उचल घेतलेली होती. पैसे आधीच खटल्यात गेलेले. आठवड्याभरात टोळी निघाली, ही दोघं कोयता घेऊन कारखान्यावर गेली. न जाऊन सांगतात कुणाला? ज्या वकिलाने इथे केस चालवली त्याने सांगितलं, 'हायकोर्टाचं मी बघत नाही.' पट्टा पडला मार्चमध्ये. तोवर 60 दिवस केव्हाच उसाच्या फडात संपले होते. मग पैशाची जुळवाजुळव, मग हायकोर्टाचा वकील शोधणं, मग कागद. अपील दाखल व्हायला वर्ष उलटलं.

इथे कुणी म्हणेल, हायकोर्ट माफ करतंच की कैद्याचा उशीर. अनुभवी वकीलही हेच सांगतात. मान्य. पण माफ होईपर्यंत काय होतं ते विचारा. उशीर माफीचा अर्ज वेगळा करावा लागतो. त्यावर सरकारला नोटीस निघते. सरकारी वकील 'सूचना घेऊन सांगतो' म्हणून वेळ मागतात. तारीख पडते, पुन्हा तारीख पडते. हा अर्ज मंजूर झाल्याशिवाय अपील रीतसर उभंच राहत नाही. आणि अपील उभं नाही म्हणजे शिक्षा स्थगित करून जामिनावर सोडा, हा अर्जही अडून राहतो. म्हणजे उशीर माफ करायचा की नाही हे ठरवायलाच उशीर, आणि तो सगळा उशीर कैदी तुरुंगात बसून मोजतो. त्या उशिराची माफी कोण कुणाकडे मागणार?

ही आजची गोष्ट नाही. महाराष्ट्रातलंच एक जुनं प्रकरण आहे, होस्कॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य, 1978 सालचं. बनावट पदवी प्रमाणपत्रांचा खटला होता. खालच्या कोर्टाने आरोपीला कोर्ट उठेपर्यंत बसवून ठेवण्याची शिक्षा आणि दंड केला होता. हायकोर्टाने 1973 मध्ये ती वाढवून तीन वर्षं केली. तो सुप्रीम कोर्टात पोहोचला चार वर्षांनी, शिक्षा भोगून झाल्यावर! एवढा उशीर का, तर म्हणाला, निकालाची प्रत मला मिळालीच नाही. प्रत येरवडा कारागृहाच्या अधीक्षकांकडे आली होती. कारागृहाचं म्हणणं, दिली होती, मग दयेच्या अर्जाला जोडायला परत घेतली. कैदी म्हणाला, दिलीच नाही. आणि दिल्याची कैद्याच्या सहीची पोच? ती नव्हतीच.

त्याचं अपील काही टिकलं नाही, सुप्रीम कोर्टाने गुणवत्तेवर ते फेटाळलं. पण न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्या निमित्ताने देशाला सांगितलं की अपील करता येणं हा न्याय्य प्रक्रियेचा भाग आहे, म्हणून कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि फुकट द्या, तुरुंगाने त्याची लेखी पोच घ्या, आणि वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने द्या.

1978! मी तेव्हा जन्मलोही नव्हतो. आज माझे केस पिकायला लागले.

या सगळ्या गोष्टी आज कायद्यात आहेत. तुरुंगवासाची शिक्षा झाली की निकालाची प्रत ताबडतोब आणि मोफत द्यायची, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 363 मध्ये होतं. 1 जुलै 2024 पासून आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम 404 आहे. कैद्याने नुसता अर्ज लिहून जेलच्या अधिकाऱ्याकडे दिला तरी तो अधिकारी वरच्या कोर्टात पाठवायला बांधील आहे. तुरुंगातल्या माणसाला, उत्पन्न न बघता, फुकट वकील मिळण्याचा हक्क 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे. निकाल आपल्या भाषेत मागता येतो, तेही आहे. म्हणजे शिधापत्रिकेवर सगळं धान्य लिहिलेलं आहे. दुकानात मिळतं का, एवढाच प्रश्न.

त्या ऊसतोडीवाल्या बाईला यातलं एक अक्षर कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याला जेलमधून एका कागदावर अपील पाठवता आलं असतं, एक रुपया न खर्चता. त्यालाही कुणी सांगितलं नाही. मग उशिराचं 'पुरेसं कारण' तिने कसलं द्यायचं? कारण तर सरकारने द्यायला हवं, की आम्ही सांगायचं काम केलं नाही!

आता सरकारचं बघू.

आरोपी निर्दोष सुटला. सरकारला वाटतं, हायकोर्टात जावं. इथल्या सरकारी वकिलाचं मत, ते वरच्या टेबलावर, तिथून मुंबई, तिथे शेरा, त्रुटी, फाइल परत, पुन्हा वर. 90 दिवस कधी गेले कुणाला कळत नाही. मग अर्ज येतो, त्यातली भाषा वकिलांना तोंडपाठ आहे : 'प्रशासकीय कारणास्तव', 'संबंधित अधिकाऱ्याची बदली झाल्याने', 'नस्ती उपलब्ध न झाल्याने'. शेताच्या बांधाला ज्याची बैलगाडी अडली त्याला कुणी अशी कारणं सांगू देत नाही हो.

आणि कोर्ट? कोर्टाने वर्षानुवर्षं समजून घेतलं. 1987 चा कातिजी खटल्याचा निकाल प्रसिद्ध आहे. जम्मू-काश्मीरच्या एका कलेक्टरांचं भूसंपादनाचं अपील होतं. सुप्रीम कोर्ट म्हणालं, उशिराकडे उदार नजरेने बघा, तांत्रिक कारणावर न्याय मारू नका, सरकारी यंत्रणा ही कुणा एकाची नसते हे लक्षात घ्या. सुंदर विचार. पण त्या प्रकरणात उशीर किती होता माहितीये? चार दिवस! चार दिवसांसाठी लिहिलेल्या त्या निकालाच्या जिवावर पुढे चारशे-चारशे दिवसांचे अर्ज आले. 2005 मध्ये नागालँड सरकारच्या फौजदारी प्रकरणात, म्हणजे सुटकेविरुद्धच्या अपिलात, 57 दिवसांचा उशीर हायकोर्टाने नाकारला होता, तो सुप्रीम कोर्टाने माफ केला. कारण तेच, सरकारी यंत्रणा संथ चालते.

पुढे खुद्द सुप्रीम कोर्टच वैतागलं. 2012 मध्ये टपाल खात्याच्या 427 दिवसांच्या उशिराला कोर्टाने माफी दिली नाही आणि बजावलं की मुदतीचा कायदा सरकारलाही बांधील आहे. 2020 मध्ये मध्य प्रदेश सरकार 663 दिवस उशिरा आलं, तेव्हा कोर्टाने 25 हजारांचा दंड केला आणि तो जबाबदार अधिकाऱ्यांकडून वसूल करा म्हणून सांगितलं. अशा प्रकरणांना कोर्टाने नावच दिलं, 'सर्टिफिकेट केसेस'. म्हणजे अपील फेटाळलं जाणार हे अधिकाऱ्यांना माहीतच असतं, पण फेटाळल्याचा कागद मिळाला की फाइल बंद करून आपली कातडी वाचवता येते. आणि सप्टेंबर 2025 मध्ये तर कर्नाटकच्या गृहनिर्माण मंडळाचा 3966 दिवसांचा उशीर सुप्रीम कोर्टात आला. हायकोर्टाने तो माफ केला होता, सुप्रीम कोर्टाने ती माफी रद्द केली. 3966 दिवस म्हणजे जवळपास अकरा वर्षं. पहिलीतलं पोर दहावी होऊन पुढे जातं तेवढ्यात.

ही तिन्ही प्रकरणं दिवाणी स्वरूपाची, फौजदारी नव्हेत, हे मी स्पष्ट सांगतो. पण मला तेच म्हणायचंय. जमिनीच्या आणि पैशाच्या वादात सरकारच्या आळसाला कोर्ट आता खडसावतं. मग जिथे माणसाचं स्वातंत्र्य पणाला लागलंय, तिथे तर ही कडक नजर दुप्पट हवी!

का दुप्पट, तेही ऐका. आरोप सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे आपण शाळेत शिकलो. सुप्रीम कोर्टाने 2007 च्या चंद्रप्पा खटल्यात सांगितलंय की कोर्टाने निर्दोष सोडल्यावर ते निर्दोषत्व आणखी पक्कं होतं. म्हणजे सुटलेल्या माणसाच्या पाठीशी एक नाही, दोन कवचं. आणि आपण काय करतो? तो माणूस सुटतो, पेढे वाटतो, भावकीत तोंड वर करून फिरायला लागतो. तीन महिने गेले, अपील नाही. तो समजतो, संपलं. दोन वर्षांनी घरी नोटीस येते : सरकारने अपील केलंय, उशीर झालाय, माफ का करू नये ते सांगा. पोरीची सुपारी फुटलेली असते, पाहुण्यांचे फोन सुरू होतात. पुन्हा वकील, पुन्हा खेटे. आपल्या सहा जिल्ह्यांसाठी ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच झालं, म्हणून निदान मुंबईची फेरी वाचली, एवढंच सुख.

कैद्याचा उशीर माफ झाला तर कुणाचं नुकसान होतं? कुणाचंच नाही. त्याचं म्हणणं ऐकलं जातं, गुन्हा खरा असेल तर शिक्षा कायम राहते. सरकारचा उशीर माफ झाला तर? एका निर्दोष ठरलेल्या माणसाचं आयुष्य पुन्हा टांगणीला लागतं. दोन उशिरांची वजनं अशी वेगवेगळी आहेत. मग दोन्हींना एकच 'पुरेसं कारण' कसं लावता? आणि लावायचंच, तर ढिलाई कैद्याच्या बाजूला हवी की मंत्रालयाच्या?

इथे दोन प्रश्न येणार, आधीच उत्तर देतो.

पहिला : 'म्हणजे बाबूच्या चुकीमुळे खुनी सुटू द्यायचा का?' नाही. पण मग चूक करणाऱ्या बाबूला विचारा ना! आज होतं काय, उशीर माफ झाला की सगळे मोकळे आणि माफ नाही झाला तरी सगळे मोकळे. फाइल कुणाच्या टेबलावर किती दिवस पडून होती हे नावानिशी, तारखेनिशी प्रतिज्ञापत्रावर येऊ द्या. 'प्रशासकीय कारण' हे कारण नाही, ते कारण लपवायचं कापड आहे. पुरावा खरंच भक्कम असेल, गुन्हा गंभीर असेल, तर कोर्टाने उशीर जरूर माफ करावा, पण किंमत वसूल करून. आणि ती किंमत तिजोरीतून नको, म्हणजे माझ्या-तुमच्या करातून नको. पगारातून.

दुसरा : 'पीडिताचं काय?' हा खरा प्रश्न आहे आणि यावर सगळ्यात कमी बोललं जातं. 2009 च्या शेवटी कायदा बदलला आणि पीडिताला स्वतः अपील करायचा हक्क मिळाला. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की त्यासाठी आधी कोर्टाची परवानगी मागायचीही गरज नाही. पण निकाल लागलाय हे त्या पीडिताला सांगतो कोण? ज्या आईचं पोर मेलं, तिला आरोपी सुटल्याचं कळतं ते बाजाराच्या दिवशी, तो समोरून चालत येताना दिसतो तेव्हा. निकालाची प्रत आरोपीला मोफत, सरकारी वकिलाला मिळते, आणि तिने मात्र नकलेचा अर्ज करून रांगेत उभं राहायचं. तिला उशीर झाला तर तिच्याकडेही कैद्यासारख्याच मायेने बघायला हवं. ती काही अधिकारी नाही, तिच्याकडे फाइल फिरवायला शिपाई नाही.

उलट काही कायद्यांत तर दारच भिंतीने बंद केलंय. अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात 2016 पासून लागू झालेलं कलम आहे, 180 दिवसांनंतर अपील घेऊच नका म्हणणारं. अलाहाबाद हायकोर्टाच्या पूर्णपीठाने 2018 मध्ये ती अट घटनाबाह्य ठरवली. एनआयए कायद्यातही तसंच, 90 दिवसांनंतर कारण कितीही खरं असो, दार बंद. त्यावर आपल्या मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर 2023 मध्ये चांगला निकाल दिला. एका आरोपीचं अपील 838 दिवस उशिरा आलं होतं. कोर्ट म्हणालं, पुरेसं कारण असेल तर 90 दिवसांनंतरही आम्ही ऐकू शकतो. दुसऱ्या काही हायकोर्टांनी उलट मत दिलं होतं, म्हणून प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि फेब्रुवारी 2025 मध्ये तिथून अंतरिम आदेश झाला की आरोपी किंवा पीडित यांची अपिलं केवळ या 90 दिवसांच्या कारणावर फेटाळू नका. आदेशातले शब्द नीट वाचा : आरोपी किंवा पीडित. मी इतका वेळ जे ओरडून सांगतोय, ते यात आलं. उदारपणा माणसांसाठी ठेवा, कार्यालयांसाठी नको.

एक मात्र बजावतो. मी सगळ्याच आरोपींची वकिली करत नाहीये. जामिनावर बाहेर राहून, शिक्षा लागल्यावर फरार होऊन, पकडल्यावर 'साहेब उशीर झाला' म्हणणाऱ्याला कोर्टाने खुशाल उभं करावं. वकिलांची फौज बाळगणाऱ्या पुढाऱ्यालाही दिवसादिवसाचा हिशेब मागावा. प्रश्न परिस्थितीचा आहे. ज्याच्या हातात खरंच काही नव्हतं, त्याला माफी. ज्याच्या हातात सगळं होतं आणि त्याने केलं नाही, त्याला जाब.

मग करायचं काय? नवीन कायदा लागत नाही. पाच गोष्टी सांगतो.

एक, शिक्षा सुनावली त्याच दिवशी निकालाची प्रत कैद्याच्या हातात, आणि त्याची सही किंवा अंगठा रजिस्टरला. कोऱ्या जागेत तारीख नंतर भरायची नाही.

दोन, अपिलाला किती दिवस आहेत, फुकट वकील कुठे मिळतो, हे न्यायाधीशांनी तिथेच मराठीत सांगावं आणि सांगितल्याचं निकालात लिहावं. दोन मिनिटांचं काम आहे.

तीन, कैद्याचा उशीर माफीचा अर्ज पहिल्याच तारखेला निकाली निघावा. त्यासाठी सरकारला नोटीस, उत्तर, प्रत्युत्तर हा खेळ नको.

चार, सरकारी अपिलाला उशीर झाला तर टेबलनिहाय तारखांचा तक्ता आणि जबाबदार अधिकाऱ्याचं नाव. तक्ता नसेल तर अर्ज नाही.

पाच, पीडिताच्या घरी निकाल पोस्टाने जावा. समन्स जातं ना घरपोच, वॉरंट जातं ना? मग निकाल का नाही?

आता तुमचं काम. तुमच्या ओळखीत, भावकीत, गल्लीत कुणाला शिक्षा झाली असेल आणि अपील राहिलं असेल, तर 'मुदत गेली, आता काही होत नाही' यावर विश्वास ठेवू नका. तालुका कोर्टाच्या आवारातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं. तिथे जा, पैसे लागत नाहीत. कुणी पैसे मागितले तर मला सांगा, पुढचं मी बघतो. वकील मित्रांनी माझं काही चुकत असेल तर खाली खुशाल दुरुस्त करावं, पण 'पत्रकाराला काय कळतं कायद्यातलं' एवढंच लिहून जाऊ नये.

आणि सरपंच, सदस्य, पोलीस पाटील, शिक्षक मंडळींना हात जोडून विनंती. ही 30, 60 आणि 90 दिवसांची माहिती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे फ्लेक्स लावायला जागा असते, याला पण चार ओळींची जागा निघेल.